दहा जुलैला आमच्याकडे ऊन नसतं : मोन्तोनेच्या ग्रामस्थांना खुलं पत्र

माननीय सिंदाको (नगराध्यक्ष) आणि मोन्तोनेचे समस्त ग्रामस्थ यांस,

स. न. वि. वि.

विषय : नाईक यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ तुम्ही उभारलेलं सूर्यघड्याळ.

विषय लिहिल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही, नोकरीतली सवय. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. पत्र मराठीत लिहितेय, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचंय तो हीच भाषा बोलत मोठा झाला. तुमच्यापर्यंत पोचायचं तर कुणीतरी ते इटालियनमध्ये करून द्यावं लागेल. करील कुणीतरी. आणि नाहीच पोचलं, तर आमच्या लोकांनी वाचलं तरी पुरे, कारण अर्धं पत्र त्यांनाच आहे.

२०२३च्या जुलैत बातमी आली, की इटलीतल्या पेरुजा प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या डोंगरावरच्या एका छोट्या गावाने, दुसऱ्या महायुद्धात तिथे लढून मेलेल्या आमच्या यशवंत घाडग्यांचं स्मारक केलं. भारताच्या राजदूत आल्या होत्या, लष्करातली माणसं होती, तुमच्याकडचे लष्करी इतिहासाचे अभ्यासक होते. बातमीत आकडेही होते. इटलीच्या लढाईत चौथ्या, आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनचे मिळून ५०,०००हून जास्त सैनिक, त्यांतले ५,७८२ तिकडेच राहिले, आणि इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी, म्हणजे इंग्रजांच्या शौर्याच्या सर्वोच्च पदकांपैकी, ६ भारतीय फौजेतल्या शिपायांना. आकडे मी वहीत उतरवून घेतले. पण नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुम्ही पुतळा केला नाहीत, सूर्यघड्याळ केलंत.

आमच्याकडे कुणी असं सुचवलं असतं, तर त्याला चहा पाजून हळूच वाटेला लावलं असतं. आमच्याकडे मोठेपण फुटांत मोजतात. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनी, शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा भरले नव्हते. ज्याने बांधलेले किल्ले समुद्राच्या लाटा खात साडेतीनशे वर्षं उभे आहेत, त्याचा पुतळा. त्या दिवशी आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. असो, ते आमचं दुखणं.

तुमच्या घड्याळावर लॅटिन ओळ आहे असं वाचलं : ओम्नेस सुब एओदेम सोले. आपण सगळे एकाच सूर्याखाली. ओळ छान आहे. पण मी चौथीला भूगोल शिकवलाय, त्यामुळे पहिला विचार मनात आला तो मास्तरणीचा. सूर्य एक असला तरी घड्याळ एक नसतं. सूर्यघड्याळाचा काटा त्या त्या जागेच्या अक्षांशाएवढा कलता ठेवावा लागतो. मोन्तोने साधारण ४३ अंशांवर आणि माणगाव १८ अंशांवर. तुमचं घड्याळ जसंच्या तसं उचलून आमच्या तहसील कचेरीच्या आवारात आणून ठेवलं, तर ते वेळ चुकीची दाखवील.

आणि दहा जुलैला तर काहीच दाखवणार नाही. यशवंत घाडगे गेले तो दिवस १० जुलै १९४४. तुमच्याकडे तेव्हा भर उन्हाळा. आमच्याकडे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ जमिनीला टेकलेलं असतं. भाताची लावणी चाललेली असते, खाचरात गुडघाभर चिखल, डोक्यावर तेव्हा इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद असतो. चार चार दिवस सावली कशी ती दिसत नाही. तुमच्या डोंगरावर तो ज्या उन्हात पडला असेल, त्या घटकेला त्याच्या तालुक्यातली माणसं वाकून, पावसाकडे पाठ करून रोपं लावत असणार. एकाच सूर्याखाली खरं, पण त्या दिवशी सूर्य तुमच्या वाट्याला होता.

आमच्याकडे त्याचा पुतळा आहे, माणगावात, तहसीलदार कचेरीच्या आवारात. मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव नेमकं मधे लागतं. गणपतीत गावी निघालेले चाकरमानी इथे वाहतूक कोंडीत तासन् तास अडकतात, त्यामुळे माणगाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण शिव्या घालायला. कचेरीत सातबारा आणि दाखल्यांसाठी येणारा प्रत्येक माणूस त्या पुतळ्यावरून जातो. मीही जात होते. पहिली काही वर्षं मला एवढंच ठाऊक होतं, की हे कुणी मोठे सैनिक होते, इटलीत लढले.

एकदा सातवीच्या मुलांना घेऊन कचेरी दाखवायला गेले होते. नागरिकशास्त्राचा धडा, तहसीलदार काय काम करतात वगैरे. पुतळ्याजवळ थांबून मी नेहमीचं सांगितलं : मोठे वीर होते, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आपल्या तालुक्याचा मान. एका मुलीने विचारलं, "बाई, हे आपल्याकडून लढले की इंग्रजांकडून?"

मी म्हटलं, "देशासाठी लढले. चला, रांग सोडू नका."

तिने पुन्हा विचारलं नाही. मुलं दुसऱ्यांदा विचारत नाहीत, त्यांना कळतं की बाईंना येत नाहीये. तो प्रश्न माझ्याकडेच राहिला. तुमच्या सूर्यघड्याळाची बातमी वाचली तेव्हा तो परत वर आला. तिला मी जे सांगायला हवं होतं ते आज तुम्हाला सांगते आणि त्यातूनच माझी विनंती निघते.

आधी त्या दिवशी काय झालं ते. व्हिक्टोरिया क्रॉस देताना लंडनच्या गॅझेटात जे छापतात, त्यात नऊ-दहा ओळींत सगळं आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या पक्क्या मोर्चावर हल्ला केला. घाडगे एका सेक्शनचा, म्हणजे छोट्या तुकडीचा, नाईक. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधला प्रत्येक माणूस मेला किंवा जखमी झाला. उरला हा एकटा. मागे कुणी नाही हे ठाऊक असताना तो मशीनगनवर धावून गेला. आधी बॉम्ब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. दुसऱ्याला टॉमीगनने गोळी घातली. मग गोळ्या संपल्या आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारून मारून ठार केलं. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. वय वर्षं बावीस.

आमच्या भाषणांत यातलं "एकट्याने मशीनगनचा मोर्चा जिंकला" एवढंच येतं. दस्त्याचं कुणी सांगत नाही. मीही कधी सांगितलं नाही. पण तुम्ही सांगावं असं मला वाटतं. तुमच्या गावातली मुलं त्या घड्याळाजवळ येतील तेव्हा त्यांना कळू द्या, की मरण इतकं जवळून होतं, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. आणि त्या बंदुकीखाली मेलेली चार माणसंही कुणाची तरी होती. त्यांची नावं कुठल्या गॅझेटात नाहीत. त्यांच्या गावाकडे तेव्हा कापणीचे दिवस असतील, मला माहीत नाही जर्मनीत जुलैत काय असतं ते. "एकाच सूर्याखाली" हे तुम्ही दगडावर कोरलंत, तेव्हा त्या चौघांनाही त्यात घेतलं असेल असं मी समजते. घेतलं नसेल तर घ्या.

हे लिहिताना मला भीती वाटते, कारण तुमच्या बाजूने हे सोपं नाही. तुमच्या शेजारी उंबेर्तिदेजवळ पेनेतोला इथे २८ जून १९४४ला, म्हणजे घाडगे पडले त्याच्या बारा दिवस आधी, जर्मन सैनिकांनी बारा माणसांना मारलं, घरासकट जाळलं. हे मी वाचलं तेव्हा "ती चारही कुणाची तरी मुलं" म्हणणारं माझं पेन थोडा वेळ थांबलं. आणि त्याच उंबेर्तिदेवर २५ एप्रिलला, त्याच वर्षी, तुमची सुटका करायला निघालेल्यांच्याच विमानांनी नदीवरचा पूल पाडायला म्हणून बॉम्ब टाकले आणि ते वस्तीवर पडून गावकरी मेले. सुटका कुठल्या बाजूने येते आणि मरण कुठल्या, हे तुमच्या आजीआजोबांना आमच्यापेक्षा चांगलं कळलेलं आहे. म्हणूनच पुढचं तुम्हाला सांगायला मला संकोच वाटत नाही.

घाडग्यांची पलटण, मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, इटलीत येण्याच्या तीन वर्षं आधी एका दुसऱ्या डोंगरावर लढली होती. मार्च १९४१, आफ्रिकेतली इटलीची वसाहत एरिट्रिया, केरेन. समोर होते इटालियन. तुमचे. तिथे या बटालियनने डोंगराचे सुळके चढून घेतले, दोन्हीकडे पुष्कळ माणसं मेली. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही मराठा पलटणींची रणगर्जना केरेनच्या त्या लढाईपासून रूढ झाली असं सांगतात. तेव्हा पलटणीचा कर्नल होता डेनिस रीड आणि हाच रीड पुढे तुमच्या खोऱ्यात आलेल्या दहाव्या भारतीय डिव्हिजनचा सेनापती होता. म्हणजे तीच पलटण, तोच साहेब, तीच आरोळी. १९४१ला ती आरोळी ऐकून कुणी मोन्तोनेचा, कुणी पेरुजाचा शिपाई खंदकात खाली वाकला असेल. १९४४ला तीच आरोळी तुमच्या डोंगरावर आली तेव्हा तुम्ही दारं उघडलीत.

मधे काय बदललं? तुमच्या सरकारने सप्टेंबर १९४३मध्ये बाजू बदलली. आमच्या पोरांना बाजू बदलायची सोयच नव्हती. त्यांची बाजू त्यांनी निवडलेलीच नव्हती.

आता महाडबद्दल. महाड म्हणजे माणगावच्या शेजारचा तालुका, तास-दीड तासाची वाट, कोंडी नसेल तर त्याहून कमी. ऑगस्ट १९४२मध्ये मुंबईत गांधीजींनी इंग्रजांना "चले जाव" सांगितलं. महिनाभराने, सप्टेंबरात, महाडच्या कचेरीवर लोकांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळ्या घातल्या, मोर्चातले लोक मेले. त्यांना आम्ही हुतात्मे म्हणतो आणि तेही बरोबरच आहे. आता बघा, एका कचेरीपाशी सरकारच्या गोळीने मेलेले आणि शेजारच्या कचेरीत त्याच सरकारच्या बंदुकीने लढून मेलेला. दोघांनाही आम्ही हार घालतो. दोन्ही कचेऱ्यांत एकच प्रश्न आहे, पण तो आम्ही एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कधी नेत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे, की ते इंग्रजांच्या फौजेतून लढले. त्या फौजेला लाखांनी पोरं मिळाली, सक्ती न करता. सक्ती कशाला लागते? कोकणात जमीन तुकड्या-तुकड्यांची, भात एक पीक, बाकीचे आठ महिने काय खायचं? कुणी मुंबईला गिरणीत गेलं, कुणी बोटीवर, कुणी पलटणीत. पलटणीत जाणं आमच्याकडे कमीपणाचं कधीच नव्हतं. पगार घरी यायचा, मनिऑर्डरने. माझ्या आजीच्या तोंडी "पलटणीचा पैसा" हा शब्द होता, "गिरणीचा पैसा" आणि "पलटणीचा पैसा", दोन वेगळ्या रंगांचे असावेत तसे. घाडगे नेमके कशासाठी भरती झाले हे मी सांगू शकत नाही. पण पोटासाठी भरती होणं आणि लढताना मरणाला न भिणं या दोन गोष्टी एका माणसात मावतात. हे त्या मुलीला सांगता आलं असतं. सातवीतल्या मुलीला सहज कळलं असतं.

तुम्हाला तर हे कळायला वेळच लागणार नाही. तुमच्या गावाचा सगळ्यात मोठा वीर कोण? आन्द्रेआ फोर्तेब्राच्चो, जगाला ठाऊक असलेला ब्राच्चो दा मोन्तोने. १३६८चा जन्म, १४२४ला लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन मेला. आयुष्यभर त्याने तलवार भाड्याने दिली, आज या शहरासाठी, उद्या त्या राजासाठी, आणि त्याच तलवारीवर शेवटी पेरुजाचा धनी झाला. तुम्ही त्याला "भाडोत्री" म्हणून टाकून दिलं नाहीत, गावाचं नाव त्याच्या नावाला चिकटलेलं राहू दिलंत. आमच्याकडेही शिलेदार होतेच, स्वतःचा घोडा आणि स्वतःची तलवार घेऊन ज्याच्याकडे चाकरी मिळेल तिथे जाणारे. महाराजांच्या आधी आमची कर्ती घराणी आदिलशाहीत आणि निजामशाहीतच होती. फरक एवढाच, की ब्राच्चोला राज्य मिळालं आणि नाइकाला पदक, तेही त्याच्या तरुण बायकोच्या हातात.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण परदेशी लढवय्यांचे पुतळे हा विषय निघालाच आहे. आमच्या मुंबईतही असे पुतळे होते. लॉर्ड कॉर्नवॉलिसचा होता, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे. हा तोच, जो अमेरिकेत यॉर्कटाउनला हरला आणि नंतर इकडे येऊन टिपू सुलतानाला नमवून गेला. जुन्या मुंबईच्या वर्णनांत एक गंमत आहे. लोक त्याच्या पुतळ्याला फुलं वाहायला लागले, देवळासारखं दर्शन घ्यायला लागले. सरकार गोंधळलं, ही पूजा थांबवा म्हणून सांगायला लागलं. मला हे वाचून हसू येतं आणि थोडं कौतुकही वाटतं. राजा कोण आणि देव कोण याची आमच्या लोकांना फिकीर नव्हती, छत्रीखाली दगडाचा माणूस दिसला की फूल. १९६५मध्ये इंग्रजांचे हे पुतळे चौकांतून काढून भायखळ्याला, राणीच्या बागेजवळच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवले. मी मुलांची सहल घेऊन गेले होते तेव्हा पाहिले. कुणाचं डोकं नाही, कुणाचा हात नाही. मुलं त्यांच्या पायांशी बसून डबे खात होती.

हे सांगायचं कारण, ते पुतळे आम्ही मागितले नव्हते. जिंकणाऱ्यांनी आमच्या चौकात आणून उभे केले, म्हणून दिवस फिरले तेव्हा ते परसात गेले. तुमच्या घड्याळाचं तसं नाही. घाडग्यांचं सैन्य तुमच्या गावावर राज्य करायला थांबलं नाही. तुमच्यावर कुणाचा दाब नसताना, जवळजवळ ऐंशी वर्षांनी, तुमचं तुम्हाला वाटलं म्हणून तुम्ही ते केलंत. परदेशी शिपायाचं स्मारक टिकतं ते या एकाच कारणाने, असं मला वाटतं. म्हणून त्याला मी पुतळ्यांच्या ओळीत बसवत नाही.

तरी एक कडू गोष्ट लिहायलाच हवी. जून २०२४मध्ये तुमच्याच देशात, रोमच्या दक्षिणेला लातिना भागात, शेतावर राबणाऱ्या एका भारतीय मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून त्याच्या राहत्या घरापाशी टाकून दिलं. दोन दिवसांनी तो मेला. तुमच्या देशात लोक रस्त्यावर आले, पंतप्रधानांनी निषेध केला, हे मला माहीत आहे. मोन्तोनेचा यात काही दोष नाही, तेही माहीत आहे. पण तोही पोटासाठीच आला होता. पंजाबातून आला होता, पलटणीतून नव्हे. गणवेश असता तर त्याचंही नाव कुठेतरी कोरलं असतं का, असं मनात आलं. तुमच्या घड्याळाजवळ शाळेची मुलं येतील तेव्हा याचीही आठवण काढा, एवढंच म्हणते. हे मागणं जरा जास्त होतंय, कळतं मला. आमच्याकडे मरणाऱ्या मजुरांची आम्ही किती आठवण काढतो, असं तुम्ही विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही.

आता विनंती.

पहिली छोटी आहे. "भारतीय सैनिक" हे खरं आहे, पण फार मोठं आहे. तो माणगाव तालुक्यातला होता. कागदोपत्री जिल्हा कुलाबा, कारण रायगड हे नाव आम्हाला १९८१मध्ये मिळालं. जिथे त्याची माहिती लिहिली असेल तिथे, जागा असली तर, माणगाव हे नाव लिहा. देवनागरीत लिहिलंत तर फारच बरं. तुमच्याकडे कधी एखादा रायगडचा पोरगा जहाजावरून किंवा कंपनीच्या कामाने आला, वाट वाकडी करून तुमच्या गावात चढला आणि त्याने ती चार अक्षरं वाचली, तर तो तिथेच खाली बसेल.

दुसरी, मुलांना सांगताना पूर्ण सांगा. हा माणूस आला तेव्हा त्याचा स्वतःचा देश दुसऱ्याच्या ताब्यात होता, त्याच्या शेजारच्या तालुक्यात त्याच्याच सरकारने गोळ्या घातल्या होत्या आणि तरी तो तुमच्या डोंगरावर एकटा पुढे गेला. यातून काय शिकायचं ते सांगू नका. मी आयुष्यभर धड्याखाली "तात्पर्य" लिहून घेतलं, त्याचा आता कंटाळा आलाय. फक्त झालं तसं सांगा आणि कुणी मुलगी प्रश्न विचारला तर तिला रांगेत उभं करू नका.

याच गोष्टी मी माणगावातल्या माझ्या लोकांनाही सांगते आहे. कचेरीतला पुतळा पुसा, हार घाला, भाषण करा, सगळं करा. पण त्याच दिवशी महाडच्या हुतात्म्यांचं नावही घ्या. आणि इटलीतल्याच सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ला लढलेल्या नामदेव जाधवांचंही, संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या. जखमींना पाठीवर घेऊन नदी ओलांडणारा, मग बांधावर उघड्यावर उभं राहून रणगर्जना देत बाकीच्यांना पुढे बोलावणारा तो शिपाई जिवंत परत आला आणि पुढे कितीतरी वर्षं आपल्यातच राहिला. त्याला भेटायला आपल्यापैकी किती जण गेले?

तिसरी विनंती मोठी आहे आणि ती फक्त तुम्हीच पुरी करू शकता.

यशवंत घाडग्यांची कबर नाही. त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, तुमच्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, चार हजारांवर नावांच्या गर्दीत. त्या स्मारकावर नाव असणं म्हणजे त्या माणसाची जागा ठाऊक नसणं. आमच्यात माणूस गेला की त्याला अग्नी देतात, अस्थी नदीत सोडतात, तेराव्याला जेवण घालतात. यातलं याच्या वाट्याला काय आलं, काहीच कळत नाही. एवढंच कळतं, की तो तुमच्या त्या डोंगरउतारांवर कुठेतरी आहे, ऑलिव्हच्या बागेत, गव्हाच्या शेतात किंवा रानात.

तुमचे शेतकरी नांगरतात. आमच्याकडे नांगराला जुनी खापरं लागतात, तुमच्याकडे युद्धाचं लोखंड अजून लागत असेल. काही लागलंच, एखादं हाड, पट्ट्याचं बक्कल, गंजलेली टॉमीगन जिचा दस्ता तुटलाय, तर ते बांधावर फेकू नका. ज्यांना कळवायचं त्यांना कळवा, ते तुम्हाला ठाऊक असेलच, आणि मग आम्हालाही कळवा. पत्ता सोपा आहे : तहसीलदार कचेरी, माणगाव, जिल्हा रायगड, महाराष्ट्र. पावसाळ्यात आमच्याकडे टपाल उशिरा मिळतं, पण मिळतं.

कळावे,
माणगाव तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका

ता. क. : घड्याळाचं ऊन झाडांनी अडवू देऊ नका. आमच्या शाळेत एक सूर्यघड्याळ मुलांनी बनवलं होतं, पुठ्ठ्याचं. दोन वर्षांत त्याच्यावर आंब्याची फांदी आली आणि मग ते फक्त सकाळी साडेआठ ते दहा चालायचं.